पहिला पावसाळा घरासाठी राखून ठेवा

गोव्यातील डिचोली तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यातील मुख्य मजकूर असा:

“म्हापशातील फ्लॅटमध्ये १८ वर्षे काढल्यावर आम्ही सासऱ्यांच्या गावच्या घरी कायमचे राहायला आलो आहोत. घर शंभर वर्षांहून जुने, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे, मधोमध राजांगण, म्हणजे वरून उघडा चौक, असलेले. सासरे गेल्यापासून ९ वर्षे ते बंद होते. गेल्या महिन्यापासून आम्ही दोघे आणि नववीतला मुलगा इथे आहोत. सासूबाई ७६ वर्षांच्या. त्या सध्या सावंतवाडीला नणंदेकडे आहेत आणि पावसाआधी आपल्या घरी यायचे म्हणतात. कंत्राटदार सांगतो की कौले काढून स्लॅब घाला, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करा, जुने दरवाजे आणि लाकूड मी उचलून नेतो. यजमानांना ते पटले आहे. आमच्याजवळ १२ लाख रुपये आहेत. सगळीकडे धूळ आहे, रात्री माळ्यावर आवाज होतात, मला झोप लागत नाही. लग्न होऊन या घरात आले, पण मी इथे कधी राहिले नाही, त्यामुळे हे घर माझे वाटतच नाही. सुरुवात कुठून करू? गणपतीची चवथ या घरात होईल का?”

सप्रेम नमस्कार.

हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा मिरगाला जेमतेम आठ आठवडे उरलेले असतील, म्हणून आज करायची गोष्ट आधी सांगते. स्लॅबला होकार देऊ नका, आणि दिला असल्यास पहिले कौल उतरण्यापूर्वी काम थांबवा. तुमच्यासारख्या घरांच्या भिंती बहुधा मातीत किंवा चुन्यात बसवलेल्या चिऱ्यांच्या, दीड-दोन फूट रुंद असतात, आणि शंभर वर्षे त्यांनी वाहिलेले ओझे वाशांचे आणि कौलांचे आहे. पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जाते. कौलारू छपराचे वजन, लाकूड धरूनही, त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पोहोचत नाही. ज्या भिंतींचा पाया कोणी उकरून पाहिलेला नाही, त्यांच्यावर हे नवे ओझे टाकायचे की नाही हे कंत्राटदाराच्या शब्दावर ठरवण्यासारखे नाही. यजमानांना स्लॅब हवाच असेल, तर जुन्या चिऱ्यांच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीयरला घर दाखवून त्याचे लेखी मत घ्यावे, आणि तेही पावसाळ्यानंतर. यंदा छपराला पर्याय शोधण्याइतका वेळ तुमच्याजवळ नाही. आहे तेच छप्पर नीट करण्याइतका मात्र नक्की आहे.

माझे सांगणे एवढेच आहे की पहिले वर्ष पाण्याला द्यावे. गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पाणी या घरात कुठून शिरते, कुठे थांबते आणि कुठून बाहेर जाते हे तुम्ही एक पावसाळा आत राहून पाहिल्याशिवाय गिलावा, रंग, फरशी, स्वयंपाकघराचे ओटे यांपैकी कशावरही केलेला खर्च टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून १२ लाखांतील मोठा वाटा छप्पर, लाकूड, पाण्याच्या वाटा, वीज आणि शौचालय यांच्यासाठी धरा, आणि निदान चौथा हिस्सा दिवाळीपर्यंत बँकेतच राहू द्या, कारण पाऊस जे दाखवून देईल त्याची दुरुस्ती त्यातूनच करावी लागेल.

छपरापासून सुरुवात करा. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला आणि पुढे ही कौले आपल्याकडे घरोघर आली. त्याआधी अर्धगोल कौले, म्हणजे नळे, असत, आणि कित्येक घरांत पुढच्या पाख्यांवर मंगलोरी कौले व मागच्या न्हाणीवर किंवा गोठ्यावर नळे, अशी दोन्ही अजून नांदताना दिसतात. कौले बदलायची झाली तर आधी एक कौल उतरवून त्याच्या पाठीवरचा छाप पाहा, कारण निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांची खाच एकमेकांत नीट बसत नाही आणि बोटभर फटीतूनही वाऱ्याचा पाऊस आत येतो. त्याच छापाची जुनी कौले पाडलेल्या घरांतून मिळतात. ती नव्यांपेक्षा पुष्कळदा चांगली निघतात. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे, खणखणीत वाजले तर कौल निरोगी आहे, बद्द वाजले तर त्याला चीर आहे. शाकारणी, म्हणजे कौले चाळून नीट बसवण्याचे काम, करणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात ती कोणाच्याच हाती लागत नाहीत, तेव्हा त्यांच्याशी आजच बोलून दिवस ठरवा.

राजांगणाच्या घराला आणखी एक नाजूक जागा असते. चारही पाख्यांचे पाणी आत उतरते आणि दोन पाखे जिथे मिळतात त्या कोनांत पत्र्याची पन्हळ असते. घर बंद असताना ती पानांनी बुजते, गंजते आणि खालचा वासा गुपचूप कुजत राहतो. चारही कोनांतल्या पन्हळी बदलूनच टाका, तिथे काटकसर करू नका. मग राजांगणातले पाणी घराखालून बाहेर नेणारी मोरी शोधा. तिच्यात दहा-बारा कळशा पाणी ओता आणि ते बाहेर कुठे निघते, किती वेळाने निघते, हे स्वतः उभे राहून पाहा. बाहेरून घराभोवती एक फेरी मारा. नऊ वर्षांत पालापाचोळा कुजून अंगणाची माती जोत्याला चढलेली असेल, ती खणून काढून पागोळ्या पडतात त्या रेषेवर उताराचे गटार मोकळे केले, तर भिंतींची पुष्कळ ओल एका मजुराच्या चार दिवसांच्या कामाने कमी होते. हे काम दिसत नाही म्हणून कोणी करत नाही, आणि माझ्या मते संपूर्ण दुरुस्तीत याच्या तोडीचे दुसरे काम नाही.

आता सिमेंटच्या गिलाव्याविषयी, आणि याबद्दल मला थोडे सविस्तर लिहू द्या, कारण ही चूक आम्ही केलेली आहे. फोंडा तालुक्यातील आमच्या घरात १६ वर्षांपूर्वी भिंतींना खाली ओल दिसते म्हणून एका कंत्राटदाराने जमिनीपासून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून दिला आणि वर ऑईल पेंट दिला. पहिला पावसाळा भिंत सुंदर दिसली. दुसऱ्या वर्षी ओल पाच फुटांवर, म्हणजे गिलाव्याच्या वर आली, रंगाला फोड आले आणि क्षारांचा पांढरा लोणा फुलला. तिसऱ्या वर्षी तो गिलावा छिन्नीने काढावा लागला तेव्हा चिऱ्यांचे दर्शनी पापुद्रे त्याच्याबरोबर निघून आले, आणि ते दृश्य पाहताना मला जे वाटले ते मी अजून विसरलेले नाही.

याचे कारण चिऱ्याच्या स्वभावात आहे. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो, पण त्याची छिद्रे बुजत नाहीत. पावसाळ्यात तो जमिनीतून पाणी ओढतो आणि उरलेले आठ महिने ते हवेला परत देतो. चुन्याचा गिलावा हे देणे-घेणे चालू ठेवतो. सिमेंट आणि ऑईल पेंट ते अडवतात, मग कोंडलेले पाणी वाट शोधत वर चढते आणि बरोबर आणलेले क्षार जिथे सुकेल तिथे सोडते. पूर्वी आपल्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत आणि तो पुष्कळ दिवस भिजवून मगच वापरत. आजही भिजवलेला चुना आणि तो लावणारे गवंडी शोधल्यास मिळतात, मात्र हे काम घाईचे नाही, कारण चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो आणि गिलाव्यावर कित्येक दिवस पाणी शिंपडावे लागते. त्यामुळे पावसापूर्वी नवा गिलावा अजिबात करू नका. जुना गिलावा जिथे पोकळ वाजतो तेवढाच उतरवा, बाकी भिंतींना चुन्याची सफेदी द्या, आणि नऊ वर्षे कोंडलेल्या खोल्यांच्या खिडक्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघड्या ठेवा. गिलाव्याचा विचार नोव्हेंबरात करू.

चिरा उघडा ठेवून फक्त सांधे भरण्याची टूम अलीकडे पसरली आहे आणि तुम्हालाही कोणी ती सुचवील. पावसाचा मारा ज्या पश्चिमेच्या भिंतीवर येतो तिथे तरी तसे करू नये. ज्या भिंतींवर मुळापासून गिलावा होता, त्यांचे चिरे वरवंट्यासारखे टणक निवडलेले नसतात. जमिनीच्या बाबतीतही तेच. ओल असलेल्या जमिनीवर चकचकीत, पाणी न झिरपणारी फरशी बसवली की खालची ओल बाजूला सरकून भिंतींत चढते, तेव्हा लाल कोबा किंवा सारवलेली जमीन असेल तर ती यंदा आहे तशीच राहू द्या.

लाकडाकडे वळू. वासे, तुळया आणि चौकटी मधोमध सहसा धडधाकट असतात. कुजतात ती त्यांची भिंतीत शिरलेली टोके. सुताराला प्रत्येक टोकात दाभण टोचून पाहायला सांगा. ते लोण्यात शिरावे तसे शिरले तर तेवढे टोक कापून जुन्याच जातीचे लाकूड सांध्याने जोडता येते, अख्खी तुळई फेकावी लागत नाही. आपल्या जुन्या घरांत साग, फणस, मत्ती, किंदळ आणि माडाचे लाकूड आढळते, आणि त्यातले पुष्कळसे आज बाजारात तशा आडव्या-उभ्या मापात मिळणे कठीण आहे. वाळवीसाठी औषध मारावेच लागेल, पण जमिनीतून येणाऱ्या वाळवीला ओल लागते, त्यामुळे पाण्याच्या वाटा मोकळ्या केल्याशिवाय औषधाचा उपयोग दोन वर्षांपलीकडे होत नाही असा माझा अनुभव आहे. लपलेल्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची आपल्याकडची जुनी रीत चांगली आहे. मात्र हे तेल कातडी भाजते, तेव्हा लावणाऱ्याच्या हातांत मोजे असले पाहिजेत आणि माणसांचा स्पर्श होतो त्या दारां-खिडक्यांना ते लावू नये.

कंत्राटदार “उचलून नेतो” म्हणतो ते दरवाजे त्याला देऊ नका. तो तुमच्यावर उपकार करत नाही. जुन्या सागवानी दारांना, कोरीव चौकटींना आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्यांना आज मोठी मागणी आहे. प्रत्येक दार-खिडकीवर खडूने क्रमांक घाला, फोटो काढा, वहीत ते कुठले आहे ते लिहा आणि काढावेच लागले तर कोरड्या खोलीत विटांवर आडवे रचून ठेवा. दोन वर्षांनी त्यातले काही नको असे ठरले तर तेव्हा विकता येईल, आणि पैसे तुमच्या हातात येतील.

वीज, विहीर आणि शौचालय यांवर फार लिहीत नाही, पण या तिन्ही गोष्टी सासूबाई येण्याआधी झाल्याच पाहिजेत. जुन्या लाकडी पट्ट्यांतली वायरिंग पूर्ण काढून नवी करा, अर्थिंग तपासून घ्या आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ब्रेकर मुख्य बोर्डावर बसवा. ओल्या भिंतींच्या घरात ही जीव वाचवणारी गोष्ट आहे. नव्या वायरी भिंत खोदून आत घालण्याऐवजी पाइपातून वरून न्या. विहीर एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला असताना उपसून घ्या आणि पाणी तपासून घ्या. शौचखड्डा विहिरीपासून शक्य तितका दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा, कारण आपला चिऱ्याचा थर पाणी झिरपू देतो.

कागदपत्रांचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, आणि मला तीच काळजी वाटते. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाची नावे आहेत? १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात मुलींना मुलग्यांइतकाच वाटा आहे, म्हणजे या घरात सासूबाईंबरोबर तुमच्या नणंदेचाही हक्क आहे, आणि वारसांची वाटणी इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या, कायदेशीर कारवाईने झालेली नसेल तर तुम्ही सामाईक घरावर तुमचे पैसे घालणार आहात. नणंदेशी आणि तिच्या यजमानांशी मोकळेपणाने बोलून, वकिलामार्फत लेखी संमती घेऊन मगच मोठा खर्च करा. हे अविश्वासाने सांगत नाही. आज ज्या घरी सासूबाई सुखाने राहत आहेत त्या घराशी तुमचे नाते पुढेही तसेच राहावे म्हणून सांगते. दुरुस्तीसाठी पंचायतीची परवानगी घ्यावी, आणि भिंतीला टेकलेले झाड तोडायचे असल्यास वन खात्याची, कारण १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने आपल्या परसातल्या झाडालाही ती लागते.

इथवर घराचे झाले. तुमचे बोलू. रात्री माळ्यावर होणाऱ्या आवाजांसाठी कोणाला तरी सोबत घेऊन भर दुपारी विजेरीसह माळ्यावर जा. लेंड्या पाहिल्या की बहुधा कळते: उंदीर असतील, वटवाघळे असतील किंवा उदमांजराने संसार थाटलेला असेल. पिल्ले असतील तर ती बाहेर पडेपर्यंत वाट बुजवू नका, नंतर शाकारणीच्या वेळी जाळी लावून घ्या. उंदीर असतील तर त्यांच्यामागे साप येतो, आणि तो दिसला तर मारण्याऐवजी वन खात्याला कळवा. ज्या आवाजाचा धनी आपल्याला ठाऊक आहे, तो झोप मोडत नाही. मी स्वतः पहिले दोन महिने दिवा लावून झोपत असे आणि आमच्या माळ्यावरची पिल्ले मोठी होऊन गेल्यावर मला चुकल्यासारखे वाटले.

सगळे घर एकदम राहते करण्याचा आग्रह सोडा. त्यातल्या सर्वांत कोरड्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर निवडा, आणि तिथे सिमेंटची गोण, रंगाचा डबा, सुताराचे हत्यार काहीही येणार नाही असा नियम करा. एका खोलीत मुलाचे टेबल आणि दिवा पक्का बसवा. पुढचे वर्ष त्याचे दहावीचे आहे आणि घरातल्या कामाची झळ त्याला लागता कामा नये. आठवड्यातून एक दिवस कामगारांना सुट्टी द्या आणि त्या दिवशी कामाविषयी बोलू नका. संध्याकाळी राजांगणातल्या तुळशीपाशी दिवा लावत असालच. लावत नसाल तर लावा, कारण दिवसभर मजुरांच्या ताब्यात असलेले घर त्या वेळी परत तुमच्याकडे येते.

आणि घर तुमचे वाटत नाही याबद्दल. ते वाटायला अजून वेळ लागेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. लग्न होऊन आलात तरी या घरातले तुमचे दिवस सणावारी पाहुणीसारखे गेले. कोणते दार पावसात फुगते, कोणत्या खिडकीतून दुपारी वारा येतो, हे तुम्हाला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. ते सासूबाईंना ठाऊक आहे. पुढच्या रविवारी गाडी करून त्यांना दिवसभरासाठी आणा, खुर्ची घेऊन त्यांच्याबरोबर खोलीखोलीत बसा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा की इथे पाणी कुठून येत असे, मामंजी पावसाआधी काय करत, ही फट पूर्वीची की नंतरची. वहीत लिहून घ्या. कोणत्याही कंत्राटदारापेक्षा त्या तुम्हाला जास्त सांगतील, आणि वस्तू काढल्या जाताना त्यांना होणारे दुःखही त्यामुळे कमी होईल, कारण काय ठेवायचे हे ठरवण्यात त्यांचा शब्द असेल. यजमानांनाही त्या दिवशी बाजूला बसू द्या. स्लॅबविषयी माझ्या पत्रापेक्षा आईचे बोलणे त्यांना लवकर पटेल.

पावसाआधी त्यांना कायमचे आणू नका. शाकारणी झालेले छप्परही पहिल्या पंधरा दिवसांच्या पावसात आपल्या चुका दाखवते, आणि ७६ व्या वर्षी ओल्या खोलीत, धुळीत, रात्री बादल्या सरकवत झोपणे त्यांच्या छातीला सोसणार नाही. मे महिन्यात दर आठवड्याला एक दिवस, आषाढात एखादी रात्र, आणि दोन्ही खोल्या कोरड्या राहिल्या तर श्रावण लागताच मुक्कामाला, असा क्रम ठेवा. नणंदेला हे आधी सांगा, म्हणजे तिलाही तयारी ठेवता येईल.

चवथ या घरात होईल. गणपतीच्या खोलीला यंदा सफेदीपलीकडे काही करू नका, आणि कोणी तिथे फॉल्स सीलिंग सुचवले तर नाही म्हणा, कारण गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायची ती वरच्या लाकडालाच. सुतार तुळया तपासायला येईल तेव्हा त्या खोलीतले माटोळीचे आकडे आणि चौकट त्याच्याकडून ओढून पाहून घ्या. नारळ, सुपारीचे घड आणि परसातली फळे मिळून बरेच वजन होते. सासूबाईंची खाट गणपतीच्या खोलीशेजारच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर लावा, दिव्याचे बटण पडल्या जागेवरून हाताला लागेल असे बसवा, आणि खाटेपासून शौचालयापर्यंतच्या वाटेत एकही उंबरठा अंधारात राहणार नाही याची खात्री करून घ्या.